माया राजेश्वरनचे 49 पॉइंट

रविवार, 9 फेब्रुवारी 2025, रात्री

मुंबई ओपन ही महिला टेनिस स्पर्धा आज जिल टाइकमननं जिंकली. डोक्यात मात्र कालची सेमीफायनलच घोळतेय. कोइम्बतूरची माया राजेश्वरन रेवती, वय 15, टाइकमनकडून 6-3, 6-1 अशी हरली. क्वालिफाइंगच्या, म्हणजे पात्रता फेरीच्या, दोन मॅच धरल्या तर सीसीआयवरची (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) ही तिची सहावी मॅच.

टाइकमन डावखुरी. अॅड कोर्टवरून, म्हणजे कोर्टच्या डाव्या अर्ध्या भागातून, डावखुऱ्याची स्लाइस (बाजूला वळणारी) सर्व्ह उजव्या हाताच्या खेळाडूला बॅकहँडकडे पार कडेच्या रेषेबाहेर ओढून नेते, आणि सगळं कोर्ट मोकळं पडतं. उपाय साधाच आहे: अर्धं पाऊल डावीकडे उभं राहायचं आणि रिटर्न मधोमध, खोल टाकायचा. पण ज्युनिअरमध्ये इतक्या दर्जाच्या डावखुऱ्या किती भेटणार? सवय होणार कुठून?

हरली तरी हिशेब मजेशीर आहे. मुंबई ओपन डब्ल्यूटीए 125 दर्जाची, म्हणजे महिलांच्या मुख्य व्यावसायिक दौऱ्याच्या एक पायरी खालची. तिच्या सेमीफायनलला रँकिंगचे 49 पॉइंट. आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) सगळ्यात खालची स्पर्धा म्हणजे डब्ल्यू 15. ती जिंकली तर 15. म्हणजे तिथं सलग तीन स्पर्धा, पंधरा मॅच जिंकल्या तरी 45 च. पहिल्याच फेरीत हरलं तर पॉइंट शून्य आणि हातात दीडशे डॉलरच्या आसपास. तेवढ्यात हॉटेल आणि जेवणही भागत नाही, कोचचं तिकीट तर दूरच. म्हणून पुणे, सोलापूरसारख्या घरच्या आठवड्यांची किंमत कळते. रेल्वेनं जाता येतं, वाइल्ड कार्डची, म्हणजे रँकिंगशिवाय आयोजकांकडून थेट प्रवेशाची, आशा असते.

त्यात वयाची अट. पंधराव्या वर्षी, म्हणजे एका वाढदिवसापासून पुढच्या वाढदिवसापर्यंत, मुलींना मुळात 10 च व्यावसायिक स्पर्धा. गुणवत्तेवर काही वाढवून मिळतात. अट योग्यच आहे, असं माझं मत. कोवळ्या खांद्यांवर वर्षाला पंचवीस स्पर्धा लादणारे पालक काही कमी नाहीत. पण त्यामुळे एक आठवडा वाया गेला की दहावा हिस्सा गेला. मग निवड बारकाईनं करावी लागते. नुसत्या डब्ल्यू 15 घेतल्या तर रँकिंग रांगतं. सगळ्या मोठ्या घेतल्या तर क्वालिफाइंगमध्येच हरून घरी.

आणखी एक मेख. आयटीएफची एन्ट्री स्पर्धेच्या सोमवारच्या 18 दिवस आधी, गुरुवारी बंद होते. यादी लागते त्या वेळच्या रँकिंगवर. आज कमावलेले पॉइंट लगेच दार उघडत नाहीत. पुढचे दोन-तीन आठवडे जुन्याच नंबरावर काढायचे. सहा मॅचनंतर ते विश्रांतीत गेलेले बरे.

गटिंगचा, म्हणजे रॅकेटच्या तारांचा, खर्च कुणी धरतच नाही. पॉलिएस्टरचं गटिंग तुटायच्या आधीच मरतं: ताण उतरतो, बॉल लांब जायला लागतो आणि मुलगी स्वतःच्या फोरहँडला दोष देत बसते. 200 मीटरच्या रिळात सोळा रॅकेटी होतात, सुटे सेट घेण्यापेक्षा बरंच स्वस्त. या वयात ताण दोन-तीन पौंड कमीच ठेवावा, नाहीतर कोपर बोलायला लागतं.

हे 49 पॉइंट 52 आठवडे टिकणार. पुढच्या फेब्रुवारीत ते गळतील तेव्हा खाली दुसरे जमलेले हवेत, आणि तोवर ती सोळाची झालेली असेल, म्हणजे मूळ मर्यादा 12 ची.