चारूची तार

आज सुट्टी. कपड्यांच्या घड्या तशाच ठेवून ‘नष्टनीड’ ही बंगाली दीर्घकथा पुन्हा वाचून काढली. रवींद्रनाथ टागोरांनी ही 1901 मध्ये लिहिलीय! म्हणाल तर काहीच घडत नाही. चारूचा नवरा भूपती वाईट माणूस नाही, हीच खरी पंचाईत. तो आपल्या वर्तमानपत्रात बुडालेला, चारू एवढ्या मोठ्या घरात एकटी. मग कॉलेजात शिकणाऱ्या दिराशी, अमलशी, लिहिण्यावाचण्यावरून मेतकूट जमतं.

अमल विलायतेला गेल्यावर ती नवऱ्याच्या नकळत दागिन्यांवर पैसे उभे करून त्याला तार करते, उत्तराचे पैसेही आगाऊ भरून. ‘मी बरा आहे’ एवढंच उत्तर येतं, आणि पडतं नेमकं भूपतीच्या हातात. या तारेपाशी मी पुस्तक मिटून चहा टाकला. रागवावं कुणावर?

बंकिमचंद्रांनी ‘चंद्रशेखर’ कादंबरीत लग्नानंतरही दुसऱ्यावर प्रेम करणाऱ्या शैवलिनीला केवढं प्रायश्चित्त करायला लावलं होतं! रवींद्रनाथ चारूला शिक्षा देत नाहीत, सोडवतही नाहीत.

शरदबाबूंशी, म्हणजे शरच्चंद्र चट्टोपाध्यायांशी, मात्र माझं भांडण आहे. (मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे आमच्या आजीला ते मराठीच वाटायचे.) त्यांच्या ‘गृहदाह’ कादंबरीमध्ये सुरेश आजारी मित्राला मागे टाकून त्याच्या बायकोला, अचलाला, फसवून घेऊन जातो, आणि शेवटी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता मरून जवळजवळ हुतात्मा ठरतो. अचलाच्या वाट्याला काय, तर बोल! मला नाही पटत. कुणाला पटत असेल तर या भांडायला.