दोन जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपसाठी ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना

सेलेरॉन ८४७ प्रोसेसर, वेग १.१ गिगाहर्ट्झ, दोन कोअर. दोन जीबी डीडीआर३ रॅम, ३२० जीबीची फिरती हार्ड डिस्क, ११.६ इंची स्क्रीन. २०१२ च्या आसपासचा लॅपटॉप. त्यावर विंडोज १० होतं आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी रॅम आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. हा दुसऱ्या पिढीतला. वाढीव सुरक्षा अपडेट घेऊन आणखी वर्षभर काढता आलं असतं, पण दोन जीबीत विंडोज १० आधीच रडतखडत चालत होतं. काम फार नव्हतं: ब्राउझर, युनिकोड मराठीत लिहिणं, पीडीएफ, अधूनमधून व्हिडिओ.

सिस्टिम कुठली, हे मी नंतर ठरवलं. आधी डिस्क तपासली. लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी सिस्टिम. तिच्या लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणाऱ्या, पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला की ‘डिस्क्स’ नावाच्या प्रोग्राममध्ये डिस्कचा स्मार्ट, म्हणजे तिच्या तब्येतीचा, अहवाल दिसतो. त्यातल्या दोन ओळी बघायच्या: रिअॅलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर. सेक्टर म्हणजे डिस्कचा छोटा तुकडा; पहिली ओळ खराब म्हणून बदलून टाकलेल्या तुकड्यांची. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल तर डिस्कचा काही भाग आत्ताच धड वाचता येत नाहीये. इथे तो ८ होता. अशा डिस्कवर कितीही हलकी सिस्टिम टाका, त्या सेक्टरपाशी वाचन अडकतं, सगळी स्क्रीन गोठते आणि बोल सिस्टिमला लागतो. म्हणून आधी लागणारा डेटा बाहेर काढला आणि २४० जीबीची साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, बसवली. जुन्या लॅपटॉपात ७ किंवा ९.५ मिलिमीटर जाडीच्या डिस्क असतात. एसएसडी ७ मिलिमीटरची येते, ती दोन्हीकडे बसते. मोठ्या खाचेत ती हलू नये म्हणून प्लास्टिकची चौकट तेवढी लावायची. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) जुना आयडीई असेल तर तो याच वेळी एएचसीआय करून टाकावा.

मग पेन ड्राइव्हवर व्हेंटॉय हे सॉफ्टवेअर टाकलं. त्याचा फायदा असा की एकाच पेन ड्राइव्हवर चार-पाच सिस्टिमच्या आयएसओ (इन्स्टॉलच्या) फाइली नुसत्या कॉपी करायच्या आणि सुरू करताना यादीतून हवी ती निवडायची. प्रत्येक आयएसओची शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा, जुळवून घेतली. अर्धवट उतरलेली फाइल कधी कधी सुरूही होते आणि इन्स्टॉल निम्म्यावर गेल्यावर दगा देते.

हलक्या सिस्टिमची चर्चा नेहमी एका आकड्याभोवती फिरते: काहीही न उघडता किती रॅम खाते. तो आकडा मीही मोजला, लिनक्सच्या चार सिस्टिमवर (एलएक्सक्यूटी आणि एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची नावं). अँटिएक्स साधारण २२० एमबी, डेबियन एलएक्सक्यूटीसह ४५० च्या आसपास, डेबियन एक्सएफसीईसह ५२०, मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ७५० च्या जवळ. पण त्यानंतर फायरफॉक्समध्ये जाहिरातींनी भरलेली एक मराठी बातम्यांची साइट उघडली, तर वर आणखी ७०० एमबी गेले, चारही ठिकाणी सारखेच. म्हणजे सगळ्यात हलक्या सिस्टिमने वाचवलेली रॅम एका पानात संपते. तीच साइट जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन लावून उघडली तर जवळजवळ निम्म्यात भागलं. डेस्कटॉप बदलून जेवढं मिळतं, तेवढं या एका एक्स्टेन्शनने मिळतं. हे सगळ्यांत आधी करावं, विंडोजवर राहणाऱ्यांनीसुद्धा.

दोन जीबीत तीन टॅब उघडले की स्वॅप (रॅममध्ये न मावणारं डिस्कवर ठेवणं) सुरू होतो, हे चारही ठिकाणी दिसलं. मग रॅम वाढवणं आलंच. खाच एकच होती, त्यात ४ जीबीची २०४ पिनांची स्टिक लावली. ही पिढी १.५ व्होल्टची डीडीआर३ घेते. डीडीआर३एल लिहिलेली १.३५ व्होल्टची स्टिक सहसा दोन्हीवर चालते. उलट मात्र करू नये. नंतरचे इंटेलच्या बे ट्रेलसारख्या प्रोसेसरचे लॅपटॉप फक्त १.३५ व्होल्ट देतात, त्यांना जुनी स्टिक लावली तर ते सुरूच होत नाहीत.

रॅम बोर्डवरच डकवलेली असेल आणि दोन जीबीच्या पुढे जाता येत नसेल, तर माझं मत सरळ अँटिएक्सच्या बाजूने आहे. त्याचं रूप साधं आहे, सेटिंग शोधावी लागतात, पण तिथे वाचलेले ३०० एमबी खरोखर कामाला येतात. चार जीबी असतील तर तेवढ्यासाठी सोयी सोडण्यात अर्थ नाही.

बाकीचे पर्याय लवकर गळले. गूगलच्या क्रोम ओएस फ्लेक्सला किमान ४ जीबी लागते, ती सगळी डिस्क पुसते, दुसऱ्या सिस्टिमशेजारी नांदत नाही आणि अँड्रॉइडची अॅप चालवत नाही. फक्त ब्राउझर हवा असेल तर ती चांगली आहे, मला लिब्रेऑफिस आणि स्थानिक फाइली हव्या होत्या. लुबंटूचा डेस्कटॉप हलका, पण त्यात फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात येतो. लॅपटॉप चालू केल्यावर पहिल्यांदा उघडताना १.१ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर तो डोळ्यांत भरेल इतका वेळ घेतो, कारण स्नॅपची दाबून ठेवलेली फाइल दर वाचनाला उलगडावी लागते. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती नवख्या माणसासाठी आजही सगळ्यात सोपी. लागणारे ड्रायव्हर शोधून देणारा ड्रायव्हर मॅनेजर, एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा ती घ्यावी. मी डेबियन १३ घेतलं, डेस्कटॉप एक्सएफसीई. तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि पुढे दोन वर्षं दीर्घ मुदतीचा, मधे मोठे बदल नाहीत. जुन्या यंत्राला असं स्थिर घर मानवतं.

प्रोसेसरच ३२ बिटचा असेल, उदाहरणार्थ अॅटम एन२७०, तर हिशोब वेगळा. डेबियन १३ मध्ये ३२ बिटसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) उरलेला नाही; डेबियन १२ हा शेवटचा. उबंटू आणि उबंटूवर आधारलेल्या मिंटने तर तो कित्येक वर्षांपूर्वीच सोडला. क्रोम ३२ बिट लिनक्सवर २०१६ पासून नाही, फायरफॉक्सनेही आता हात काढून घेतला आहे. असं यंत्र ऑफलाइन लिहिण्यासाठी किंवा गाणी वाजवण्यासाठी ठेवावं. बँकेचं काम त्यावर करू नये.

निवड पक्की करण्याआधी लाइव्हमध्ये अर्धा तास घालवला: वायफाय, झाकण मिटल्यावर झोपतो का आणि उघडल्यावर जागा होतो का, ब्राइटनेसच्या कळा, हेडफोनचा आवाज. इथे वायफाय दिसलंच नाही. आत ब्रॉडकॉमची बीसीएम४३१४२ चिप होती. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये आता बहुतेक फर्मवेअर (चिपला लागणारं सॉफ्टवेअर) असतं, पण या चिपला फर्मवेअर पुरत नाही. तिचा ब्रॉडकॉम-एसटीए हा ड्रायव्हर यंत्रावरच कंपाइल करावा (मूळ कोडपासून तयार करावा) लागतो, म्हणजे त्याआधी इंटरनेट हवंच. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केलं, इन्स्टॉलरला तो तारेचं नेटवर्क वाटतो आणि काम पुढे सरकतं.

आणखी एक अडथळा घड्याळाचा. चार्जर आणि बॅटरी काढली की तारीख १ जानेवारी २०१२ वर जायची. अशा तारखेला ब्राउझर प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र नाकारतो आणि अपडेट करायला गेलं तर ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ असं उत्तर मिळतं. नेटवर्क खराब असावं असं वाटून माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो. आतला सीआर२०३२ सेल संपला होता. लॅपटॉपमध्ये तो बहुधा दोन तारा जोडलेला आणि वेष्टनात असतो. तसाच जोडणीसकट मिळतो तो आणावा.

इन्स्टॉल करताना दोन ठिकाणी चूक होते. रूट, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड विचारला की ती चौकट रिकामी सोडायची. तरच आपल्या खात्याला सुडोचा, म्हणजे मुख्य खात्याच्या वतीने आज्ञा देण्याचा, अधिकार मिळतो. तिथे पासवर्ड भरला तर नंतर प्रत्येक सुडोला नकार येतो. दुसरं, डेस्कटॉपच्या यादीत नोम आधीच निवडलेलं असतं. त्याची खूण काढून एक्सएफसीईवर खूण करायची, नाहीतर दोन्ही येतात आणि लॉगिनही नोमचं जड येतं.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर एसटीए ड्रायव्हरबरोबर लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ हे पॅकेजही टाकलं. हेडर म्हणजे ड्रायव्हर कंपाइल करायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली. त्यातच खरी मेख आहे. फक्त चालू कर्नलपुरते हेडर टाकले तर पुढच्या कर्नल अपडेटनंतर ड्रायव्हर नव्याने कंपाइल होत नाही आणि वायफाय एका सकाळी गायब होतं. हे पॅकेज असेल तर प्रत्येक नव्या कर्नलबरोबर त्याचे हेडर आपोआप येतात. कंपाइलला या प्रोसेसरवर दोन-चार मिनिटं लागतात, तेवढ्यात झाकण मिटू नये.

डेबियन १३ ने एक बदल केला आहे जो कमी रॅमला जाचतो: तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर, टीएमपी, आता रॅममध्ये असतो आणि अर्ध्या रॅमपर्यंत वाढू शकतो. तिथे मोठी फाइल उलगडली की तेवढी रॅम गेली. सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये टीएमपी-डॉट-माउंट मास्क (बंद) करून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, की तो परत डिस्कवर जातो. मग झेडरॅम-टूल्स टाकून रॅममध्येच, तिच्या ५० टक्के एवढा, दाबलेला स्वॅप दिला. दाबण्याची पद्धत झेडएसटीडी ठेवली तर जास्त मावतं, पण एवढ्या हळू प्रोसेसरवर एलझेड४ बरी. ती कमी दाबते पण टॅब बदलताना अडखळत नाही. एसएसडीवर दोन जीबीचा स्वॅप आणीबाणीपुरता ठेवला.

व्हिडिओला वेगळा उपाय लागतो. यूट्यूब ब्राउझरला व्हिडिओ बहुधा व्हीपी९ या स्वरूपात पाठवतं आणि या पिढीचं ग्राफिक्स ते हार्डवेअरवर उलगडू शकत नाही, सगळा भार प्रोसेसरवर. एच२६४इफाय हे एक्स्टेन्शन लावलं की एच.२६४ हे जुनं स्वरूप येतं, ते आय९६५ ड्रायव्हरमार्फत ग्राफिक्स चिप सांभाळते. स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची आहे, म्हणून ७२० च्या वर जाण्यात काहीच मिळत नाही.

मराठीसाठी वेगळा इनपुट प्रोग्राम घातला नाही. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीत भारत या गटाखाली ‘मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट’ आणि उच्चारानुसार लिहिणाऱ्यांसाठी ‘मराठी कागप’ असे दोन लेआउट आहेत. ते पार्श्वभूमीला काही चालवत नाहीत, रॅम शून्य. रोमन अक्षरांतून लिहायची सवय असेल तरच आयबस आणि एम१७एन हे इनपुट प्रोग्राम घ्यावेत. लेआउट घेतल्यावर एक शब्द लिहून बघायचा: वऱ्हाड. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, म्हणजे ऱ, मग डी, म्हणजे हलन्त, मग ह. अर्धा ऱ ह च्या आधी छोट्या वळणदार रेघेसारखा उमटला तर फॉन्ट आणि लेआउट दोन्ही ठीक. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवली, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यांत ल पाकळीचा दिसतो. भाषा हिंदी राहिली तर दंडाचा.

श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टंकनाच्या प्रोग्राममध्ये टंकलेल्या, युनिकोड नसलेल्या जुन्या फाइली मात्र इथे उघडल्या की रोमन अक्षरांची खिचडी दिसते, आणि ते प्रोग्राम विंडोजचे आहेत. टॅलीचंही तेच. जुनी डिस्क म्हणूनच पुसली नव्हती. ती यूएसबीच्या डबीत घातली, फाइली दुसऱ्या विंडोज यंत्रावर नेऊन युनिकोडमध्ये बदलून घेतल्या. पेंडिंग सेक्टर ८ चे ११ झाले होते तोवर, आणि दोन फाइली उघडल्याच नाहीत.