एकशे बारा पावलांचं भाडं: शिवाजी पेठेतून मेलबर्नला सामान

आधीच सांगते, समुद्राबद्दल इथं फार काही मिळणार नाही. न्हावा शेवाला सामान चढलं, सिंगापूरला जहाज बदललं, मेलबर्नला उतरलं. तो भाग सरळ गेला. मला लिहायचंय ते आमच्या दारापासून तिकटीपर्यंतच्या, म्हणजे तीन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यापर्यंतच्या, ११२ पावलांबद्दल. पेठेत घर असेल आणि बिऱ्हाड परदेशी न्यायचं असेल, तर कुठल्याही कंपनीकडून भाव मागवण्याआधी हे वाचा.

आमचं घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, उभा मारुती चौकाच्या मागच्या बोळात. नवरा सहा महिने आधीच गेलेला, मी आणि मुलगा मागं. न्यायचं सामान म्हणजे सासूबाईंचं शिसवी कपाट, शिलाई मशीन, भांडी, पुस्तकं, सायकल आणि अंथरूण-पांघरूण. कंपनीनं पाहणी व्हिडिओ कॉलवर केली. मुंबईचा मुलगा गोड बोलायचा. "मॅडम, जरा माडीवर चला. मॅडम, पलंगाखाली काय आहे?" वीस मिनिटांत त्यानं सगळं घर पाहिलं, पण उंबऱ्याबाहेर फोन न्यायला काही सांगितलं नाही. शेवटी विचारलं, "गाडी दारात लागते ना?" मी म्हटलं, "लागते की."

मी खोटं बोलले नव्हते. घंटागाडी येते, गॅसवाला येतो, मागच्या वर्षी शेजारच्यांचं फ्रीज छोट्या हत्तीतून आलं. पण त्याच्या डोक्यात आयशर होती आणि माझ्या डोक्यात घंटागाडी. ह्या 'लागते की'चे मला ९,००० रुपये पडले.

सामान काढायचा दिवस ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातला. तिकिटं काढलेली, म्हणून मी काढला. तुम्ही अजिबात काढू नका. रोज सकाळी उठून राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे ते बघायचं, ३९ ला इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता हे आठवत बसायचं. शिवाय गणपती तोंडावर. आमच्या तिकटीवर मंडळाच्या मांडवाचे खांब आदल्याच रात्री उभे राहिले. ते कुणी हलवत नसतं, आणि हलवा म्हणायची माझीही छाती झाली नाही.

ट्रक सकाळी रंकाळा टॉवरपाशी येऊन थांबला आणि ड्रायव्हरनं फोनवर सांगितलं, ह्याच्या आत येत नाही. तासाभरानं सुपरवायझर चालत आला. त्यानं बोळ बघितला, वर लोंबणाऱ्या वायरी बघितल्या, वळणावरचा सज्जा बघितला, आणि खिशातून करारपत्र काढलं. मागच्या पानावर बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. ट्रक ठरावीक अंतरापेक्षा लांब थांबला तर सामान हातानं वाहून नेण्याचे पैसे वेगळे, आणि मधे छोटी गाडी लावावी लागली तर तिचं 'शटल' भाडं वेगळं. त्यानं आकडा सांगितला १४,०००. पाऊस पडतोय, खोकी बांधून तयार आहेत, दारात सहा माणसं चहा पितायत. अशा वेळी घासाघीस करणार तरी कशी? तरी केली. ९,००० वर आला. पावलाला ऐंशी रुपये.

छोटा हत्ती पाच फूट रुंद असतो. आमचा बोळ सगळ्यात अरुंद जागी साडेपाच फूट आहे, म्हणजे कागदावर बसतो. पण वळणावर शेजाऱ्यांची दगडी पायरी पुढं आलीय आणि तिच्यासमोर गटारीची फरशी उचललेली. सुपरवायझरनं हट्टानं गाडी घातलीच. कोपऱ्यावर पानाची टपरी चालवणारे मामा बघत उभे होते. मला म्हणाले, "वहिनी, गाडी आत घातलीसा तर माघारी काढताना रडशीला." तसंच झालं. मागचं चाक फरशीच्या फटीत गेलं, आरसा सज्जाच्या लाकडाला घासला, आणि पुढं पाऊण तास आठ दुचाकींचे मालक शोधण्यात गेला. त्यातले दोघं देवळात, एक आंघोळीला.

शेवटी मामांनीच बाजारातली हातगाडी बोलावली. रबरी टायरची, लांब फळीची. दोन माणसांसह दिवसाचे १,८०० रुपये. कपाट माडीच्या जिन्यातून उतरेना, तेव्हा तालमीतली पोरं आली. खिडकीची चौकट काढून, दोर लावून, गोधड्यांत गुंडाळलेलं कपाट त्यांनी दहा मिनिटांत खाली सोडलं. वर उभा राहून दोर सैल सोडणारा पोरगा शेवटपर्यंत एकच शब्द बोलत होता: "सावकाऽऽश."

आणि नेमकं तेव्हा सुपरवायझर म्हणाला, बाहेरच्या माणसानं हात लावलेल्या वस्तूला विमा लागू नाही. हे कितपत खरं ते पॉलिसी वाचून कळेल, आणि ती सामान निघायच्या आधी वाचायची असते. मी नंतर वाचली. आपण स्वतः बांधलेल्या खोक्यातली फूटतूट माझ्या पॉलिसीत धरलेली नव्हती. म्हणून काचेचं आणि चिनीमातीचं त्यांच्याच माणसांकडून बांधून घ्या. कपडे-पुस्तकं तुम्ही भरलीत तरी चालतंय.

तर पेठेतल्यांनी काय करायचं? व्हिडिओ कॉल आला की घर दाखवायच्या आधी फोन घेऊन दारातून तिकटीपर्यंत चालत जा. वायरी, सज्जे, वळण, लावलेल्या गाड्या, सगळं दाखवा. सगळ्यात अरुंद जागेवर टेप लावून फोटो काढा आणि ईमेलनं पाठवा. मग भाव मागताना लिहून घ्या की हातानं नेण्याचा आणि छोट्या गाडीचा खर्च ह्यातच आला. 'डोअर टू डोअर' ह्या शब्दांवर विसंबू नका, त्यात दार कुठलं ते कुणी सांगत नाही. हातगाडी आदल्या दिवशी स्वतः ठरवा, आणि तिचे लोक सामानाला हात लावणार आहेत हे कंपनीकडून लेखी मान्य करून घ्या. काम सकाळी सहाला सुरू झालं पाहिजे. आठनंतर बोळ दुचाकींचा. मंगळवार-शुक्रवार टाळा, अंबाबाईच्या गर्दीनं महाद्वार रोडपासून सगळं तुंबतं. नवरात्रात तर नावच नको.

दुसरा फटका मापाचा. आपलं सामान थोडं असेल तर पूर्ण कंटेनर मिळत नाही, दुसऱ्यांच्या मालाबरोबर जातं आणि भाडं घनमीटरवर लागतं. व्हिडिओवर मला सहा घनमीटर सांगितले, गोदामात मोजले तेव्हा ७.८ भरले. कपाटाभोवती लाकडी पेटी ठोकली की ती पेटीही मापात येते, हे कुणी बोललं नव्हतं. स्वतः मोजा. १८ बाय १८ बाय २४ इंचांचं खोकं साडेचार घनफुटांचं, म्हणजे घनमीटरात जेमतेम आठ खोकी. विमानानं पाठवायचा विचार करत असाल तर सोडा. तिथं घनमीटरला १६७ किलो धरतात, म्हणजे गादीतल्या हवेचंही भाडं. पेटी ठोकली तर लाकडावर गव्हाच्या कणसासारखं चिन्ह आणि 'एचटी' अक्षरं आहेत का ते बघा. लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर तीस मिनिटं तापवल्याची ती खूण. शिक्का नसेल तर तिकडे अडतं.

जुन्या घरातल्यांसाठी आणखी एक. देवघरातली मोठी पितळी समई मी न्यायला काढली होती. कस्टमच्या एजंटानं विचारलं, "किती जुनी?" मी अभिमानानं सांगितलं, पणजोबांची. झालं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि वय सांगता येत नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला आणावा लागतो. हस्तलिखितांना ही मुदत पंचाहत्तर वर्षांची. घरातले मोडी कागद आणि समई दोन्ही चुलत दिरांकडे ठेवले. तुमच्याकडे माळ्यावर तलवार असेल तर ती आधीच कुणाच्या तरी स्वाधीन करा.

ऑस्ट्रेलियाची तपासणी कडक आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. बी५३४ नावाचा फॉर्म असतो, त्यात खरं लिहा. केरसुणी, सूप, बांबूची परडी, बिया, तुळशीची माती ह्यातलं काही नेऊ नका. तपासायला लागणाऱ्या वेळेचे पैसे आपल्याकडूनच घेतात, आणि लाकडात भुंगा सापडला तर धुरी देण्याचाही खर्च आपला. कोल्हापुरी चपलांचे तळवे मी ब्रशनं घासून, वाळवून ठेवले होते, त्या सुटल्या. सायकलचे टायर मुलानं टूथब्रशनं साफ केले. कांदा-लसूण चटणी सामानात घालू नका, एका डब्यासाठी सगळं खोकं उचकतात. बारा महिने वापरलेल्या घरगुती वस्तूंवर तिकडे कर लागत नाही, तेव्हा निघताना नवा मिक्सर घेऊ नका, जुनाच न्या. तिथलं व्होल्टेज आपल्यासारखंच, फक्त पिन बदलावी लागते.

तिकडच्या बंदरावरचे खर्च, गोदामाचे, कागदपत्रांचे, भावात आहेत का ते नावानिशी विचारा. स्वस्त भाव हा अर्धा भाव असतो. उरलेला तिकडे उतरल्यावर डॉलरमध्ये मागतात. माझ्याकडून मागितला.

सामान दारात यायच्या आठवडाभर आधी इथल्या, मेलबर्नच्या, गाडीवाल्याचा फोन आला. गाडी कुठं उभी राहील, दारापर्यंत किती अंतर, पायऱ्या किती, वळण आहे का, त्यानं ओळीनं विचारलं. नवरा बाजूनं म्हणत होता, सांग की, अगदी दारात लागते. मी त्या माणसाला थांबवलं, चपला घातल्या आणि टेप घेऊन खाली गेले.