शोरूममधली डेमो गाडी

"साहेब, नुसती टेस्ट राईडला वापरलीय. नवीच समजा." शोरूममधलं विक्रीचं पोरगं सूट देऊन डेमो गाडी गळ्यात मारायला बघत होतं.

उद्यमनगरातला मिस्त्री मित्र सोबत होता. त्यानं मीटरकडं बघितलंच नाही. क्लच दाबून सोडला, वाकून सायलेन्सरखालचे ओरखडे बघितले. "भावा, नव्या गाडीचा मालक पहिले हजार किलोमीटर जपून चालवतो. हिला पहिल्या दिवसापासून येईल त्यानं पिळलीय."

मग आरसी मागितली. शोरूमच्याच नावावर! म्हणजे घेतली तर मी दुसरा मालक, आणि वॉरंटीही शोरूमच्या नावावर नोंदली तेव्हापासूनच चालू झालेली. विचारेपर्यंत पोरगं यातलं काही बोललं नव्हतं.

तरी गाडी डोक्यातून जाईना. (रंग तर लईच झकास.) सूट अजून वाढवली, उरलेली वॉरंटी लिहून दिली, तर घ्यावी म्हणतो.

कुणी घेतलीय का अशी डेमो गाडी? क्लच प्लेटा किती टिकल्या?