खोटं बोलण्यावर एखादं पुस्तक आहे का?

"काकू, आमचा हा हल्ली फार खोटं बोलतो. त्यावर एखादं पुस्तक आहे का?" दापोली तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाचा बालविभाग मी सांभाळते. तिथे हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच. कधी खोटं बोलणं, कधी मोबाईलचं वेड, कधी धाकट्या बहिणीला चिमटे काढणं, कधी ताटात भाजी टाकणं. मे महिन्यात मुंबईहून आलेली मंडळी विचारतात, "कोकणावर काही आहे का मुलांसाठी?" एकूण काय, दुखणं सांगितलं की औषधाच्या दुकानात जशी गोळी काढून देतात, तसं आम्ही कपाटातून पुस्तक काढून द्यावं. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

विषय पाहून पुस्तक निवडण्यात गैर काही नाही. मीही तसंच निवडते. फक्त तो विषय कोणाचा आहे, ते आधी बघते. खोटं बोलणं हा आईचा विषय. त्या आठ वर्षांच्या मुलाचा विषय आहे होड्या. हर्णै बंदरातल्या होड्या तो वहीच्या मागच्या पानांवर काढत असतो, वर लिहिलेल्या नावानंबरांसकट. त्याला होड्यांचं पुस्तक दिलंत तर तो ते वाचेल. खोट्याबद्दलचं दिलंत तर दुसऱ्या पानावर ओळखेल की हे आपल्यासाठी मुद्दाम आणलंय. मग ते बाजूला ठेवेल आणि विचारल्यावर "वाचलं" म्हणून सांगेल. म्हणजे आणखी एक खोटं.

अशा पुस्तकांची पारख सोपी आहे. दुकानात उभ्या उभ्या शेवटचं पान उघडा. तिथे आजोबा, बाई किंवा एखादं शहाणं घुबड येऊन "मग मुलांनो, यातून काय शिकलात?" असं विचारत असेल, तर पुस्तक खाली ठेवा. गोष्टीला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नव्हतं, म्हणून तिला आजोबांची काठी लागली. चित्रं कितीही छान असोत.

आता समुद्र घ्या. चित्रपुस्तकांत समुद्र म्हटला की वाळूचा किल्ला, बादली, फावडं आणि सुट्टीवर आलेलं चौकोनी कुटुंब. आमच्याकडे पाजपंढरीची मुलं येतात. त्यांच्यासाठी समुद्र हे घरच्यांचं कामाचं ठिकाण आहे. बर्फ, डिझेल, फाटलेलं जाळं, लिलावातला आरडाओरडा, भाव पडला की घरातली शांतता. किल्ला करणारा तो मुलगा त्यांना आवडत नाही असं नाही, पण तो त्यांना पाहुणा वाटतो. त्यामुळे नुसता 'समुद्र' हा विषय मला पुरत नाही. कपाटात मी समुद्राचे दोन खण केलेत. एक पाण्याखालचा: मासे, प्रवाळ, देवमासे. दुसरा पाण्यावरचा: होड्या, दीपगृहं, वादळं, किल्ले आणि मुख्य म्हणजे माणसं. पाण्याखालचा खण सदा भरलेला असतो. पाण्यावरचा बहुतेक वेळा रिकामा, कारण मुळात पुस्तकं थोडी आणि जी आहेत ती कोणाच्या तरी घरी गेलेली. समोर सुवर्णदुर्ग दिसतो आणि त्या किल्ल्यावर राहणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, पावसात भिजणाऱ्या साध्या माणसांबद्दल सहा वर्षांच्या मुलाला वाचता येईल असं पुस्तक माझ्या कपाटात नाही. लढाया आहेत भरपूर.

विषयाला ऋतूही असतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारून ठेवतात आणि एरवी दिवसेंदिवस न दिसणारे बाबा घरात असतात. या दोन महिन्यांत बाबा असलेली पुस्तकं पटापट उचलली जातात. आईची पुस्तकं मराठीत पैशाला पासरी. बाबा ओटीवर जाळं दुरुस्त करतोय आणि मूल त्याच्याभोवती घुटमळतंय, असलं काही मात्र हुडकावं लागतं. गणपती झाले की उलटं. मुंबईला नोकरी करणारे बाबा परत गाडीत बसतात. तेव्हा वाट पाहण्याच्या गोष्टी चालतात, मग त्यात वाट पाहणारं मूल असो, कुत्रा असो की पोस्टातलं पत्र. हे कुठल्याही यादीत लिहिलेलं सापडणार नाही. तुमच्या घरात सध्या काय चाललंय ते तुम्हालाच ठाऊक, म्हणून तुम्हीच निवडायला हवं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आता आमच्या आंजर्ल्यासारख्या इतर किनाऱ्यांवरही ते काम चालतं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, तो बुजवते आणि पाण्यात निघून जाते. साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं वर येतात. मुलं ती बघून येतात आणि दुसऱ्या दिवशी दारात उभी: कासवाचं पुस्तक द्या. मिळतं काय, तर सशाशी शर्यत लावणारं. एका मुलीने ते उघडून लगेच मिटलं. "काकू, ह्याला पाय आहेत. आपल्याकडच्याला वल्ही असतात."

म्हणून कासवांच्या दिवसांत मी एकच पुस्तक हातात देत नाही. माहितीचं एक, गोष्टीचं एक, कवितेचं एक आणि वरवर कासवाशी संबंध नसलेलं एक, अशी जुडी बांधते. हे चौथं निवडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि मजाही त्यातच आहे. कासव पाहून आलेलं चार वर्षांचं मूल विचारतं, "त्याची आई कुठे गेली?" त्याला कासवाची माहिती नकोच आहे. त्याला आई थोडा वेळ दिसेनाशी होऊन परत येणारी गोष्ट हवी. सात वर्षांच्याला घर शोधणाऱ्या प्राण्याची गोष्ट द्या. मादी जिथे जन्मली त्याच भागात अंडी घालायला परतते, हे ऐकून त्याचं डोकं तिथेच अडकलेलं असतं. दहा वर्षांची पोरगी विचारते, "एवढ्यांतली मोठी किती होतात?" तिला आकडे असलेलं, नकाशा असलेलं, न घाबरता खरं सांगणारं पुस्तक हवं. पिल्लांना खेकडे आणि पक्षी खातात हे ज्यात गाळलंय, ते तिला देऊ नका, तिने ते डोळ्यांनी पाहिलंय.

'श्यामची आई' कोणत्या वयात द्यावं, हेही हमखास विचारतात. साने गुरुजींचं पालगड आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे इथे तो प्रश्न जरा अभिमानाने येतो. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलेलं हे पुस्तक बेचाळीस रात्रींचं, म्हणजे बेचाळीस प्रकरणांचं आहे आणि ते सलग वाचायलाच हवं असा नियम कोणी केलेला नाही. मी एकेक रात्र सुटी करून वाचून दाखवते. लाडघरच्या तामस्तीर्थाची रात्र तिथे जाऊन आल्यावर. पाण्याला घाबरणाऱ्या मुलाला श्यामच्या पोहण्याची. पण तयारी ठेवा. पोहण्याच्या रात्री तुम्हाला वाटेल विषय आहे भीती, आणि मूल मध्येच थांबवून विचारेल, "पण आईने मारलं का त्याला?" तेव्हा पुस्तक मिटून त्याच्याशी बोला. आजच्या मुलाला हा प्रश्न पडतो हे चांगलंच आहे. गुरुजींचा मोठेपणा सांगून तो दडपू नका.

मृत्यू, आजार, पूर. या विषयांवर लोक अगदी हळू आवाजात पुस्तक मागतात. माझं मत थोडं वेगळं आहे. घरात आजोबा गेले त्याच आठवड्यात आजोबा गेल्याचं पुस्तक देऊ नये. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर आमच्या नात्यातली दोन मुलं काही दिवस आमच्याकडे होती. त्यांच्या आईला वाटत होतं, पुरावरचं काहीतरी वाचलं तर मन मोकळं होईल. मुलांनी विनोदाची पुस्तकं काढली आणि डायनासोरची. तीच पुन्हा पुन्हा. कितीतरी महिन्यांनी मोठीने आपणहून विचारलं, नदीचं पाणी एवढं वर का चढतं? तेव्हा तिला भरती-ओहोटीचं आणि पावसाचं पुस्तक दिलं. तिने ते दोन बैठकांत संपवलं. अवघड विषयाचं पुस्तक हाताला लागेल अशा जागी असावं, पुढे कोणी सरकवू नये.

भुतांचं काय? पालकांना नको असतात, मुलांना हवीच असतात. ज्या गावात चकवा, मुंजा, राखणदार यांच्या गोष्टी ओटीवर रात्री जेवणानंतर चालतात, तिथे कपाटात भुतं न ठेवून कोणाची भीती जाणार? वाचनाचा कंटाळा असलेली निम्मी मुलं माझ्याकडे याच खणावरून वाचायला लागलीत. मी एवढंच बघते की गोष्टीतलं मूल शेवटी काहीतरी करतं का. ओरडून पळून जाणं चालेल, हसणं चालेल, भुताला फसवणं तर फारच छान. नुसतं भेदरून बसलेलं मूल असेल तर नको.

सणांचा खण मात्र केविलवाणा आहे. दिवाळी, दिवाळी आणि दिवाळी. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत ईदची वाट पाहणारी आहेत आणि शिमग्याला पालखी नाचवणारी तर झाडून सगळी. दोन्हींवर लहानांसाठी मराठीत काही दिसलं की मी किंमत न बघता घेते.

मिळवायचं कुठून? बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतं आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पाऊस, शाळा, प्राणी, विज्ञान, जे शोधाल ते कुठल्या तरी अंकात आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं मोफत आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेली. तिथली बरीच भाषांतरं आहेत, म्हणून आधी स्वतः मोठ्याने वाचून बघा. जीभ अडखळली तर सोडून द्या. घरातल्या रोजच्या गोष्टी, शेजार, रुसवे-फुगवे असा विषय हवा असेल तर माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांपासून सुरुवात करा. त्यांना 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, पण मी सांगते ते त्यासाठी नाही. त्यांच्या गोष्टीतली मुलं हट्टी असतात आणि शेवटच्या पानापर्यंत थोडी हट्टीच राहतात, म्हणून.

आणि विकत घेणार असाल तर दसऱ्यानंतर घ्या. आपल्याकडच्या पावसात नव्या कोऱ्या पुस्तकाची पानं लाटेसारखी होतात आणि पाठीवर बुरशी धरते. तोवर वाचनालयातली न्या. ती आधीच बुरसटलेली आहेत.