एएम ट्रान्समीटर : आधी व्हॉल्व्हचा, मग मॉस्फेटचा (माझा अनुभव)

हॅमचं (हौशी रेडिओचं) लायसन्स हातात आलं तेव्हापासून डोक्यात एकच, एएमचा, म्हणजे जुन्या रेडिओ स्टेशनच्या पद्धतीचा सेट स्वतः बनवायचा. ४० मीटरच्या बँडवर आता जवळपास सगळे एसएसबीवर (कॅरिअर न पाठवता) बोलतात, पण मला तो कॅरिअरवाला, म्हणजे मूळ रेडिओ लहरीवर आवाज चढवलेला, भरदार आवाज हवा होता, त्यात नाशिकच्या गंगापूर रोडला राहणाऱ्या एका काकांची भर पडली. काकांची अख्खी नोकरी मीडियम वेव्हच्या ट्रान्समीटरवर गेली, आधी व्हॉल्व्हचे (काचेच्या ट्यूबचे) आणि शेवटची काही वर्षं सॉलिड स्टेट, म्हणजे मॉस्फेटसारख्या ट्रान्झिस्टरचे. म्हणाले, "दोन्ही करून बघ, मग कळेल तुला."

म्हणून पहिला ८०७ नंबरच्या व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्ह मिळाला मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पंचवटी एक्सप्रेसने सकाळी गेलो आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत, डबा खाताना पण पिशवी मांडीवर. मला वाटत होतं आता मोठं काम झालं. कसलं काय! प्लेटला ५०० व्होल्ट, ८० मिलिअँपिअर म्हणजे ४० वॅट इनपुट, आणि पूर्ण मॉड्युलेशनसाठी (कॅरिअरवर आवाज पूर्ण चढवायला) त्याच्या निम्मा म्हणजे २० वॅट ऑडिओ हवा, आणि तो प्लेटपर्यंत न्यायला मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर. तो आज बाजारात मिळतच नाही.

अंबडला एक वाइंडिंगवाले दादा आहेत, त्यांच्याकडून करून घेतला. लावला तर जाड आवाज सगळा चिरकलेला. चार दिवस मी माइक बदलतोय, वायरिंग तपासतोय. काकांनी ट्रान्सफॉर्मर हातात घेतला आणि विचारलं, "गॅप ठेवलाय का?" नव्हता ना. प्लेटचा डीसी करंट सेकंडरीतूनच जातो, त्याने लोखंडाचा कोअर आधीच सॅच्युरेट (चुंबकत्वाने पूर्ण भरलेला) झालेला, मग ऑडिओला जागा कुठली. दादांनी लॅमिनेशन (कोअरचे ई आणि आय आकाराचे पत्रे) उलटसुलट भरली होती, ती सगळी काढून ई एका बाजूला, आय एका बाजूला आणि मध्ये कागद, असं परत भरून दिलं. वरून म्हणाले, "आधी सांगायचं ना शेठ, ह्यातून डीसी जाणार म्हणून." बरोबरच आहे त्यांचं, चूक माझी.

मग चालला, छान चालला. डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा भार, १ किलोओहमचे २ वॅटवाले २० रेझिस्टर पॅरलल, झाले ५० ओहम. एकदा ट्यूनिंग चुकलं तर प्लेट लालभडक झाली, मी घाबरून स्विच पाडला, दोन मिनिटांनी परत लावला तर जसाच्या तसा. फक्त ५०० व्होल्टची भीती कायम, आत हात घालायच्या आधी कपॅसिटर डिस्चार्ज करायची काठी काकांनीच करून दिली.

मग मॉस्फेट. आयआरएफ ५१०, क्लास ई (मॉस्फेट स्विचसारखा चालू-बंद करायची पद्धत), बोलत नसताना १३.८ व्होल्ट सप्लाय. मॉड्युलेटर पण स्विचिंगचाच, पीडब्ल्यूएम (आवाजाप्रमाणे पल्सची रुंदी बदलणारा) आणि पुढे फिल्टर, लोखंडाचा पत्ताच नाही, सगळं मिळून टिफिनच्या डब्यात बसलं. जाम खुश होतो मी. माइकवर जोरात "हॅलो" म्हटलं आणि मॉस्फेट गेला. दुसरा लावला, तोही गेला. तिसऱ्याला वही काढली. क्लास ई मध्ये ड्रेनवर (मॉस्फेटच्या आउटपुटच्या पायावर) सप्लायच्या ३.५६ पट व्होल्टेज चढतं, आणि मॉड्युलेशनच्या शिखरावर सप्लायच दुप्पट, म्हणजे २७.६ गुणिले ३.५६, झाले ९८ व्होल्ट, आणि ह्याची मर्यादा १००! सप्लाय १० व्होल्टवर आणला तेव्हा ७१ झाले, मग टिकला. पण पुढे तोही डमी लोडचं कनेक्टर सैल राहिल्याने गेला, व्हॉल्व्हसारखं लाल होऊन सांगत वगैरे नाही हा.

काका म्हणाले मोठ्या ट्रान्समीटरचंही तेच. १० किलोवॅटच्या प्लेट मॉड्युलेशनवाल्याला ५ किलोवॅटच्या वर नुसता ऑडिओ, त्याचा ट्रान्सफॉर्मर, ब्लोअरचा आवाज, सकाळी प्रोग्रामच्या आधी येऊन फिलामेंट तापवत बसायचं. सॉलिड स्टेटमध्ये लाइनमधून घेतलेल्या विजेचा खूपच मोठा भाग कॅरिअरमध्ये जातो, मॉड्यूल भरपूर, एखादं गेलं तर पॉवर थोडी उतरते पण प्रोग्राम चालू. आणि मिसमॅच झाला (अँटेना जुळली नाही) की प्रोटेक्शन आधी पॉवर खाली आणतं, मग बोलतं. माझ्या टिफिनमध्ये तेच नव्हतं. लोकांना वाटतं फरक व्हॉल्व्ह आणि मॉस्फेटचा आहे, मला तरी फरक ट्रान्सफॉर्मर गेल्याचा आणि प्रोटेक्शन आल्याचा जास्त वाटला.

आता रिफ्लेक्टेड पॉवर (अँटेनाकडून परत येणारी) वाढली की सप्लाय कापणारं सर्किट करतोय. ८०७ चा सेट टेबलावरच आहे, पावसाळ्यात आई त्याच्या बाजूला पापड ठेवते.