सूट नको, लीक टेस्टचा कागद द्या

वॉरंटी संपलेल्या ऑडी क्यू७, मर्सिडीज जीएलई किंवा रेंज रोव्हरचं एस्टिमेट हातात पडलं की बहुतेक मालक थेट शेवटचा आकडा बघतात आणि तिथूनच घासाघीस सुरू करतात. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला हे पक्कं ठाऊक असतं. तो लेबरवर दहा टक्के सोडतो, वॉशिंग फुकट देतो, मालक खूश होऊन सही करतो. प्रत्यक्षात नको असलेला पार्ट थोडा स्वस्तात गळ्यात पडलेला असतो. भाव नंतर करा, आधी निदान तपासा.

एअर सस्पेन्शनचंच घ्या, म्हणजे गाडीला हवेच्या दाबावर तोलणाऱ्या यंत्रणेचं. सकाळी गाडीचा एक कोपरा बसलेला दिसतो, इंजिन सुरू केलं की उठतो. काही आठवड्यांनी उठायचाही बंद होतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. स्कॅनरवर कॉम्प्रेसरचा, म्हणजे हवा भरणाऱ्या पंपाचा, कोड येतो, म्हणून एस्टिमेटमध्ये कॉम्प्रेसर चढतो. कधी त्याच्यासोबत चारही स्ट्रट, म्हणजे प्रत्येक चाकावरचे हवेचे खांब. पण कॉम्प्रेसर सहसा आपणहून मरत नाही. स्ट्रटच्या बेलोला, म्हणजे हवा धरणाऱ्या रबरी घडीदार पिशवीला, घडीवर बारीक चिरा पडतात. पावसाळ्यात घडीत अडकलेली रेती त्या वाढवते. हवा हळूहळू सुटते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो, तापतो, त्याची पिस्टन रिंग झिजते आणि त्याला चालू-बंद करणाऱ्या रिलेचे पॉइंट चिकटतात. अशा वेळी नुसता कॉम्प्रेसर बदलला तर नवाही त्याच वाटेने जातो. उलट चारही स्ट्रट बदलले तर दोन-तीन चांगले स्ट्रट भंगारात गेले.

खरी तपासणी, म्हणजे लीक टेस्ट, अगदी साधी आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, बंद केल्यावर अर्धा तास जाऊ द्या आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. सकाळी पुन्हा मोजा. जो कोपरा उतरला, संशय त्याच्यावर. मग तिथल्या बेलोवर, पाइप स्ट्रटला जिथे जोडला जातो त्या फिटिंगवर आणि चारही कोपऱ्यांना हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकच्या जोडांवर साबणाचं पाणी फवारायचं. बुडबुडे फिटिंगवर आले तर पाइपचं टोक सरळ कापून नवं फिटिंग बसवलं की बऱ्याचदा काम भागतं. त्याला स्ट्रटचे पैसे लागत नाहीत. बाहेर कुठेच बुडबुडे नाहीत आणि तरी कोपरे बसतात, तर व्हॉल्व्ह ब्लॉक आतून गळतोय का ते बघायला हवं. एका अ‍ॅक्सलचे दोन्ही स्ट्रट एकाच वयाचे असतात, त्यामुळे जोडी बदला असं कोणी म्हटलं तर ते पटण्यासारखं आहे. चारही बदला म्हटलं तर मात्र चारही चाकांची मापं मागा. आणि कॉम्प्रेसर खरोखर गेलाच असेल तर रिलेही त्याच्यासोबत बदलून घ्या. ती किरकोळ वस्तू वाचवण्यात अर्थ नाही.

कागदावर काय हवं? गाडीतल्या सगळ्या मॉड्यूलच्या (छोट्या कॉम्प्युटरच्या) फॉल्ट कोडची प्रिंट, आणि प्रत्येक ओळीला पार्ट नंबर. ‘सस्पेन्शन किट’ ही ओळ चालवून घेऊ नका. लेबर रुपयांत नको, युनिटमध्ये, म्हणजे कंपनीच्या कामाच्या वेळेच्या मापात, मागा: बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजमध्ये १२ युनिटचा एक तास होतो, ऑडीत १०० चा. मग तासाचा दर विचारला की हिशेब उघडा पडतो. इथे नेहमी सापडणारी गोम म्हणजे दुहेरी लेबर. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एकाच वेळी बदलताना कूलंट एकदाच काढतात, पण दोन्ही कामांच्या वेळेत ते धरलेलं असतं. ऑइलचे लिटर मॅन्युअलशी ताडून बघा. ब्रेक डिस्क बदलायची म्हणाले तर डिस्कवर कोरलेली किमान जाडी आणि मायक्रोमीटरचं रीडिंग, दोन्ही मागा. इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्टंट वगैरे मंडळी बिनदिक्कत खोडा. जीएसटीही पाहा: २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्केच लागतो, २८ टक्क्यांचा जुना साचा कुठे राहिला असेल तर दुरुस्त करून घ्या.

गिअर बदलताना झटका बसतो म्हणून मेकॅट्रॉनिकचं, म्हणजे गिअरबॉक्स चालवणाऱ्या कंट्रोल युनिटचं, एस्टिमेट आलं, तर आधी गिअर ऑइल कधी बदललं ते विचारा. एक्स५, क्यू७, रेंज रोव्हर अशा अनेक गाड्यांत झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ स्पीड गिअरबॉक्स असतो. ‘ऑइल लाइफटाइम आहे’ हे शोरूममधलं वाक्य. स्वतः झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदलायला सांगते. त्या ऑइलचा फिल्टर खालच्या प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणजे पॅनच नवा घ्यावा लागतो. ती ओळ एस्टिमेटमध्ये रास्त आहे.

दुसऱ्या गॅरेजमध्ये भाव काढताना पहिलं एस्टिमेट दाखवू नका. नाहीतर समोरचा त्याच आकड्यातून पाच टक्के कमी करून देतो. फक्त व्हीआयएन (चॅसिस नंबर), पार्ट नंबर आणि लक्षणं सांगा. त्या ब्रँडचं काम करणारं बाहेरचं चांगलं गॅरेज असेल तर कार कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या मूळ पुरवठादाराच्या डब्यातला पार्ट लावून किती, हेही विचारा. स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना दंड केला तो सुटे भाग आणि स्कॅनिंगची साधनं बाहेरच्या गॅरेजला मिळू न देण्यावरूनच. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज त्या यादीत होत्या. प्रकरण पुढे अपिलात गेलं.

वॉरंटी नुकतीच संपली असेल आणि सर्व्हिस वेळच्या वेळी डीलरकडेच झाली असेल, तर कंपनीकडे गुडविलची, म्हणजे वॉरंटीबाहेरही खर्चाचा वाटा उचलण्याची, मागणी लेखी पाठवायला डीलरला सांगा. हे कामाला मंजुरी देण्याआधी. पैसे भरल्यावर कोणी फाइल उघडत नाही.

जॉब कार्डवर सही करताना दोन ओळी हाताने लिहा: लेखी मंजुरीशिवाय वाढीव काम नको, आणि काढलेले पार्ट डिक्कीत ठेवा. एक्स्चेंजवर, म्हणजे जुना देऊन दुरुस्त केलेला, पार्ट घेतला असेल तर जुना कंपनीकडे परत जातो, तो मिळणार नाही. पण मग बिलात एक्स्चेंजचाच भाव लागलाय ना, ते बघून घ्या. ऑडीत अशा पार्टच्या नंबरात शेवटी एक्स असतो.